स्वादुपिंडाचे दर्शन : मधुमेहात प्रतिमा-तपासणीचे स्थान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गिरगाव येथे झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. मी व्यवसायाने क्ष-किरण तज्ज्ञ, आजच्या भाषेत रेडिओलॉजिस्ट. परळ आणि गिरगाव या दोन भागांतच माझे आजवरचे सारे काम झाले. औषध लिहून देणारा डॉक्टर हळूहळू रुग्णाच्या घरचा होतो. आम्ही मात्र अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेलो असतो. रुग्णाची आणि आमची भेट बहुधा दहा मिनिटांची, आणि तीही ‘श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा’ एवढ्या संभाषणाची.

मधुमेहावरील व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली असतील. ‘गोड कमी करा, रोज चाला’ हा उपदेश आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. म्हणून आज मी माझ्या खोलीतून हा विकार कसा दिसतो, एवढेच सांगणार आहे. अलीकडे एक प्रश्न मला मंदिराच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, लोकलच्या डब्यातसुद्धा विचारला जातो : ‘डॉक्टर, मला मधुमेह आहे. मग एकदा स्वादुपिंडाचा स्कॅन करून घेऊ का ?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांसाठी ‘नको’ असे आहे आणि थोड्यांसाठी ‘विलंब न करता करा’ असे आहे. हे थोडे कोण, ते ओळखता यावे, हा आजच्या भाषणाचा हेतू.

दोन कामे करणारे एक इंद्रिय

स्वादुपिंड जठराच्या पाठीमागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. लांबी सुमारे १२ ते १५ सेंटीमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेले. पुढे जठर, त्यात हवा. आजूबाजूला आतडी, त्यांतही हवा. त्यामुळे वरून हाताला हे इंद्रिय लागत नाही आणि सोनोग्राफीलाही सहज दिसत नाही.

या एका इंद्रियाची कामे दोन. त्याचा फार मोठा भाग पाचकरस तयार करून एका नलिकेवाटे आतड्यात सोडतो. त्या भागात विखुरलेले पेशींचे सूक्ष्म पुंजके रक्तात इन्सुलिन सोडतात. जर्मन वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी पॉल लँगरहॅन्स याने १८६९ साली ते प्रथम वर्णिले, म्हणून त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ म्हणतात. बेटांची संख्या सुमारे दहा लाख, पण साऱ्या स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा शेकडा एक-दोन एवढाच. एकेक बेट मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढे. आमच्या उत्तम एमआरआय यंत्रालाही शरीराच्या इतक्या खोल भागात एवढी बारीक वस्तू वेगळी दाखवता येत नाही. म्हणजे ज्या पेशींच्या थकण्याने मधुमेह होतो, त्या आमच्या पडद्यावर दिसतच नाहीत ! दिसते ते त्यांचे घर : लहान झाले आहे का, त्यात मेद साचला आहे का, खडे किंवा गाठ आहे का. ही मर्यादा आधी लक्षात घ्यावी, म्हणजे पुढचे सारे नीट उमजेल.

न कापता पाहणे

स्वादुपिंडाचा आणि मधुमेहाचा संबंध १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांच्या प्रयोगातून उघड झाला. त्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या प्राण्याला मधुमेह जडला. पुढे १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळवले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यानंतर कित्येक दशके इन्सुलिन डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातूनच काढले जाई. आपल्या घरांतील जुन्या पिढीला हे इंजेक्शन घेताना किती मानसिक क्लेश झाले असतील, याची कल्पना या सभागृहातील ज्येष्ठांना असेलच. १९८२ साली जिवाणूंच्या साहाय्याने तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हा क्लेश पुष्कळ अंशी दूर झाला.

या इतिहासातील एक दुवा माझ्या विषयाशी निगडित आहे. बँटिंग यांना संशोधनाची कल्पना सुचली ती ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री, अमेरिकेतील मोझेस बॅरन या विकृतिशास्त्रज्ञाचा एक लेख वाचून. बॅरन यांना एका शवविच्छेदनात स्वादुपिंडाच्या नलिकेत खडा अडकलेला आढळला होता. खड्याने वाट अडल्यामुळे पाचकरसाचा भाग सुकून गेला होता, बेटे मात्र बव्हंशी शाबूत होती. पाचकरस बाजूला सारून बेटांचा रस वेगळा मिळवता येईल, हा विचार बँटिंग यांना त्यातून सुचला. म्हणजे इन्सुलिनच्या शोधाच्या मुळाशी स्वादुपिंडातला एक खडा होता, आणि तो दिसण्यासाठी त्या माणसाला मरावे लागले होते.

वास्तविक विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजीच लागला होता. परंतु साध्या क्ष-किरणांना हाड दिसे, खडा दिसे, मऊ स्वादुपिंड दिसत नसे. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिला सीटी स्कॅन झाला. सोनोग्राफी आणि एमआरआय यांचाही रुग्णालयांत प्रसार झाला, आणि जिवंत, बोलत्या माणसाचे स्वादुपिंड न कापता पाहता येऊ लागले. जे ज्ञान मिळवण्यासाठी एकेकाळी प्राण्याचा जीव घेतला जाई, त्यातील काही आज रुग्णाने क्षणभर श्वास रोखल्याने मिळते. अहिंसा हे ज्यांचे प्रथम व्रत, त्या समाजासमोर बोलताना ही गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

खड्यांचा मधुमेह

बॅरन यांना दिसलेला खडा आपल्या देशात दुर्मीळ नाही. उष्ण कटिबंधात, विशेषतः केरळमध्ये, तरुण आणि कृश व्यक्तींमध्ये एक वेगळ्याच प्रकारचा मधुमेह आढळत आला आहे. इंडोनेशियातील असे रुग्ण झुइडेमा यांनी १९५९ साली वर्णिले, केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी शेकडो रुग्णांचा अभ्यास केला. लहानपणापासून अधूनमधून पोटात कळा, पुढे तेलकट व पांढुरके शौच, आणि विशी-पंचविशीत मधुमेह, असा त्याचा क्रम असतो. स्वादुपिंडाच्या नलिकेत चुन्यासारखे कठीण खडे होतात आणि भोवतालचा भाग आक्रसतो. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा सात वर्षे पाठपुरावा करून १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. (परळचे केईएम वेगळे आणि पुण्याचे वेगळे; नाव एक असले तरी संस्था दोन आहेत.)

असाच एक तरुण फार वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. लालबागच्या चाळीतला, वय २४, वजन जेमतेम ४० किलो. शाळेत असल्यापासून पोट दुखे आणि घरात त्याला ‘पित्त’ म्हणत. पोटाचा साधा क्ष-किरण फोटो काढला. कण्याच्या दोन्ही बाजूंना, तांदूळ सांडावेत तसे पांढरे खडे पसरलेले होते. निदानाला तेवढा एक स्वस्त फोटो पुरला.

त्याच्यावर उपचार सुरू झाले तेव्हा आणखी एक प्रश्न उभा राहिला. अशा रुग्णाला इन्सुलिनबरोबरच पाचकरसाच्या कॅप्सूल द्याव्या लागतात, आणि त्या आजही प्रामुख्याने डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. मुलगा आपल्या समाजातला. त्याच्या आजींनी विचारले, ‘हे औषध कशाचे आहे ?’ डॉक्टरांनी सत्य सांगितले. बुरशीपासून केलेले पर्याय मिळतात, पण त्यांचा गुण तुलनेने कमी, हेही सांगितले. त्या घराने काय निर्णय घेतला, तो त्यांचा खाजगी प्रश्न आहे. माझे म्हणणे एवढेच, की विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. मात्र न विचारता, परस्पर औषध बंद करणे हा स्वतःच्या देहाशी केलेला अन्याय होय.

मेदाचा हिशेब

आता सर्वांत मोठ्या वर्गाकडे, म्हणजे चाळिशीनंतर होणाऱ्या नेहमीच्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांतील बहुसंख्य याच दुसऱ्या प्रकारचे.

हा विकार एकदा जडला की स्वादुपिंड झिजतच जाणार, त्याला उलट वाट नाही, असे आम्ही विद्यार्थी असताना शिकलो होतो. ही समजूत हलवण्याचे मोठे श्रेय एमआरआयला जाते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील प्रा. रॉय टेलर यांनी यकृतात आणि स्वादुपिंडात किती मेद आहे, हे एमआरआयने मोजले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्ण होते अवघे ११. त्यांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचाच आहार देण्यात आला. पहिल्या सात दिवसांतच उपाशीपोटीची साखर सरासरी १६६ वरून १०६ पर्यंत उतरली. आठ आठवड्यांत यकृतातील मेद १२.८ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आला. स्वादुपिंडातील मेद ८ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आला आणि इन्सुलिनचा पहिला, जलद प्रतिसाद परत आला.

यामागची त्यांची मीमांसा सोपी आहे. गरजेपेक्षा अधिक खाल्लेले अन्न, मग ते साखर असो वा भात, यकृत त्याचा मेद बनवते. यकृत भरले की तो मेद रक्तावाटे इतरत्र जातो, स्वादुपिंडातही साचतो, आणि तेथील इन्सुलिन करणाऱ्या पेशी मंदावतात. येथे ‘आम्ही तर शुद्ध शाकाहारी’ हे समाधान उपयोगी पडत नाही. यकृताला मेद करण्यासाठी मांस लागत नाही. श्रीखंड, पुरणपोळी, फरसाण आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात पुरतो.

‘मी तर बारीक आहे’ हे दुसरे समाधान. त्याला डॉ. याज्ञिक यांनी फार मार्मिक उत्तर दिले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. परंतु क्ष-किरणांवर आधारलेल्या डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद निघाला, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के ! आपण भारतीय वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्याइतकाच कमरेचा घेर महत्त्वाचा.

पुढे स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमध्ये २९८ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. सर्व रुग्णांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला, आणि कोणीही इन्सुलिनवर नव्हते. कमी आहाराच्या गटातील ४६ टक्के रुग्ण एका वर्षाअखेर औषधाविना मधुमेहमुक्त होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. यांतील काहींच्या स्वादुपिंडाचा एमआरआय दोन वर्षे पुनःपुन्हा काढला गेला. आरंभी त्यांचे स्वादुपिंड निरोगी माणसांपेक्षा सुमारे एक-पंचमांशाने लहान आणि कडेने खडबडीत होते. ज्यांचा मधुमेह हटला, त्यांच्यात ते हळूहळू वाढले आणि त्याच्या कडा नितळ होत गेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रतिमा मी पाहिल्या, तेव्हा माझ्या व्यवसायातील एका जुन्या समजुतीला निरोप दिला.

बारीक रुग्णांचे काय ? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात स्थूल नसलेले २० मधुमेही होते. वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरल्यावर त्यांतील १४ जणांचा मधुमेह हटला. संख्या थोडी आहे, पण आपल्यासारख्यांना आशा देणारी आहे.

उपशम, क्षय नव्हे

मात्र येथे एक सावधगिरी हवी. मधुमेह ‘हटला’ म्हणजे नष्ट झाला का ? आपल्या कर्मसिद्धान्तात याला नेमके शब्द आहेत. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घातले की गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते. तो उपशम. ते पाणी दुसऱ्या भांड्यात काढून गाळ टाकून दिला, तर तो क्षय. आहाराने मधुमेहाचा होतो तो उपशम. गाळ तळाशी आहेच. भांडे हलले की पाणी पुन्हा गढूळ. वर सांगितलेल्या अभ्यासात दोन वर्षांनी मधुमेहमुक्तांचे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले आणि पाच वर्षांपर्यंत आणखी बरेच घटले. जसजसे वजन परत चढले, तसतसा मधुमेह परत आला.

म्हणून एकदाच्या कडक उपासापेक्षा रोजचा संयम मोलाचा. आपल्या सहा बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ येते ते अवमौदर्य, म्हणजे ऊनोदर : भुकेपेक्षा चार घास कमी. त्यानंतर काही अंतराने रसपरित्याग : दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ आणि मीठ यांतील रसांचा त्याग. ही तपे आत्मशुद्धीसाठी सांगितली आहेत, साखर उतरवण्यासाठी नव्हेत. धर्माचे मोल प्रयोगशाळेतून ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण चार घास कमी खाण्याची जी सवय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, ती पाळणाऱ्याच्या यकृताला आणि स्वादुपिंडाला विसावा मिळतो, एवढे मी माझ्या पडद्यावरून सांगू शकतो.

आणि एक कळकळीची सूचना. जे इन्सुलिन घेतात, किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून मात्रा बदलून घ्यावी. पोटात अन्न नाही आणि औषध पूर्ण मात्रेत, असे झाले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी रात्रीच्या मात्रेविषयीही विचारून घ्यावे. कमी कॅलरींचा वर सांगितलेला आहारही वैद्यकीय देखरेखीविना करू नये.

अहवाल कसा वाचावा

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात सोनोग्राफीचे अहवाल असतील. त्यांतील दोन वाक्यांकडे आपले हमखास दुर्लक्ष होते.

पहिले, ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ‘एवढे सगळ्यांनाच असते’ म्हणून ते सोडून दिले जाते. यकृतात मेद साचू लागला आहे, अशी ती सूचना आहे. स्वादुपिंडाच्या मेदासाठी महागडा एमआरआय काढण्याची सामान्य रुग्णाला गरज नाही. या एका ओळीने कमरेचा घेर मोजायला आणि रक्तातील साखर तपासायला प्रवृत्त केले, तर तिचे काम झाले.

दुसरे वाक्य, ‘वायूमुळे स्वादुपिंड स्पष्ट दिसले नाही’. याचा अर्थ स्वादुपिंड ‘नॉर्मल’ आहे असा नाही, आणि बिघडले आहे असाही नाही. आपल्या स्याद्वादातील ‘अवक्तव्य’ येथे आठवावे. लक्षणे नसतील तर काळजी नको. लक्षणे असतील तर दुसरी तपासणी हवी.

जेथे स्वादुपिंड स्पष्ट दिसते, तेथेही ते दर्शन एका नयाचे असते, हे विसरू नये. हत्ती चाचपणाऱ्या अंधांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या हाती हत्तीचा आकार लागतो. तो चालतो कसा, हे रक्ततपासणी सांगते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात निदानानंतर काही महिन्यांतच काढलेल्या एमआरआयमध्ये स्वादुपिंड सुमारे पाव हिश्शाने लहान आढळले आहे. तरीही एकट्या माणसाचा फोटो पाहून ‘याला मधुमेह आहे’ असे मी म्हणू शकत नाही, कारण निरोगी माणसांतही आकार कमी-जास्त असतो. बीटा पेशींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य देऊन पेट स्कॅनने त्या पेशींचा अंदाज घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण मधुमेहाच्या बाबतीत ते अजून संशोधनाच्या कक्षेत आहेत. मधुमेहाचे निदान आजही रक्ताच्या थेंबावरच होते.

विलंब कोणी करू नये

आता त्या थोड्यांविषयी, ज्यांनी थांबू नये. येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

माझे थोरले मामा इथेच गिरगावात राहत. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. घराण्यात कोणाला नव्हता, अंगानेही ते स्थूल नव्हते. त्यांनी गोड सोडले. तीन-चार महिन्यांत त्यांचे वजन आठ किलो उतरले. एका लग्नात भेटले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. मी त्यांची पाठ थोपटली आणि म्हणालो, ‘मामा, पथ्य असे पाळावे !’ ते हसले आणि म्हणाले, ‘अरे, पथ्य कसले, भूकच लागत नाही.’ ते वाक्य मी ऐकले, पण माझ्या मनात ते उतरले नाही. दोन महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. स्कॅन मीच पाहिला. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ होती आणि ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. लग्नातल्या त्या दिवशी तपासणी केली असती तर ते वाचले असते, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. हा रोग फार क्रूर आहे. पण विचारायचा प्रश्न मी विचारला नाही, हे खरे.

मधुमेह हे कधी कधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असते. पण याची भीतीही प्रमाणात असावी. अमेरिकेत मेयो क्लिनिकने पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या २१२२ व्यक्तींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या आत त्यांतील १८ जणांना हा कर्करोग निघाला, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. सर्वांचे स्कॅन काढले तर शंभरातील नव्व्याण्णव जणांना खर्च, किरणोत्सर्ग आणि निरुपद्रवी डागांची चिंता एवढेच पदरी पडेल. म्हणून गाळणी हवी. ती अशी :

पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झाला आहे आणि त्याबरोबर प्रयत्न न करता वजन उतरते आहे, भूक मेली आहे, पोटात वा पाठीत नवे दुखणे आहे, किंवा कावीळ आहे.

वर्षानुवर्षे ताब्यात असलेली साखर आहार-औषध न बदलता अचानक बेताल झाली आणि सोबत वजनही घटले.

वय तरुण, बांधा कृश, मधुमेह आहे आणि पोटदुखी वारंवार होते किंवा शौच तेलकट होते.

पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे आणि त्यानंतर मधुमेह झाला आहे.

या चार प्रकारांत डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘माझ्या स्वादुपिंडाची तपासणी करायला हवी का ?’ आरंभ सोनोग्राफीने करता येतो. कर्करोगाची शंका असेल तर मात्र सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून थांबू नये. शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. त्याआधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यावी आणि मेटफॉर्मिन घेत असल्यास तसे सांगावे. सोनोग्राफीसाठी उपाशी यायचे असल्यास मधुमेह्याने सकाळची पहिली वेळ मागावी आणि त्या सकाळी औषधाचे काय करावे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. रांगेत चक्कर येऊन पडलेले कितीतरी वृद्ध मी पाहिले आहेत.

ट्रस्टला एक विनंती

या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्ट निदानकेंद्र उभारण्याचा विचार करीत आहे, असे अध्यक्ष महोदयांनी मघाशी सांगितले. औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक. त्या परंपरेला हा संकल्प साजेसाच आहे. देणगीदारांना मोठे यंत्र आवडते, त्यावर नावाची पाटी शोभून दिसते. मी स्वतः यंत्रांवर जगणारा माणूस. तरीही माझी विनंती आहे की आरंभ मोठ्या यंत्राने करू नये. वजनाचा काटा, घेर मोजण्याची फीत, साखर तपासण्याची सोय आणि आहाराविषयी शांतपणे बोलणारी एक व्यक्ती, एवढ्याने सुरुवात करावी. दर महिन्याला ज्येष्ठांचे वजन वहीत लिहावे, आणि ज्याचे वजन कारणाविना उतरते आहे त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवावे. त्याला स्कॅन लागला आणि परवडत नसला, तर खर्चासाठी एक छोटा निधी बाजूला ठेवावा. परळला केईएम आणि टाटा स्मारक ही मोठी रुग्णालये आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे योग्य माणूस योग्य वेळी पोहोचवणे, हे आपल्या ट्रस्टला सहज जमण्यासारखे काम आहे.

त्या वहीत एका ओळीला तरी माझ्या मामांची आठवण राहील. आणि आपल्यापैकी कोणी पुढच्या वेळी एखाद्या मधुमेही नातेवाइकाला ‘वा, छान बारीक झालात’ असे म्हणायला जाल, तेव्हा त्याआधी एवढेच विचारा : ‘मुद्दाम केलेत, की आपोआप झाले ?’

 बोलण्यात काही न्यून राहिले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र !